कंबोडिया: सिएम रीपहून नॉम पेन्हला जाताना सांबोर प्रेई कुकला थांबावं का?

केतकी_ठाणे

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही चौघं कंबोडियाला जातोय. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. बाबा ७४ वर्षांचे, हायस्कुलात इतिहास शिकवायचे, एका गुडघ्याने सध्या असहकार पुकारलाय. अंकोरचं सगळं ठरलंय, त्याबद्दल इथे आधीच भरपूर धागे आहेत, ते वाचलेत.

प्रश्न पुढचा आहे. सिएम रीपहून नॉम पेन्हला आम्ही गाडी करून जाणार आहोत. वाटेत काम्पोंग थोमजवळ सांबोर प्रेई कुक नावाची जागा आहे, ७व्या शतकातल्या ईशानवर्मा राजाच्या ईशानपूर शहराचे अवशेष. बाबांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून ईशानवर्म्याचा जप चालू आहे. नवऱ्याचं म्हणणं, "अंकोर वाट बघितल्यावर विटांचे ढिगारे कशाला?" मी मध्ये अडकले आहे.

कोणी गेलंय का? वाट वाकडी करण्याइतकं तिथे काही आहे का? बाबांना चढउतार किती पडेल? शाकाहारी जेवणाचं काय? आधीच धन्यवाद.

झोळीवाला

सरळ सांगतो, वगळा. अंकोर बघून डोळे भरल्यावर पडकी विटांची देवळं बघायला नेलंत तर मुलगा कंटाळेल आणि नवरा पुढची दहा वर्षं ऐकवेल. तो वेळ बांतेआय स्रेईच्या देवळाला द्या. गुलाबी वालुकाश्म, लाकडावर करावं तसं बारीक कोरीवकाम, सिएम रीपपासून तासाभरात पोचता. सांबोर प्रेई कुक हे अभ्यासकांचं काम, आपलं नव्हे. वैयक्तिक मत, राग नसावा.

पाटकरी

झोळीवाले, राग कसला. पण बांतेआय स्रेई सिएम रीपच्या उत्तरेला आणि केतकीताई निघाल्यात आग्नेयेला. त्यांना वाटेतलं काहीतरी हवंय.

केतकीताई, जरूर थांबा. मात्र कशासाठी थांबायचं ते आधी ठरवा, नाहीतर तुमचे यजमान म्हणतात तसंच होईल.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मूर्तिशास्त्र मला बेताचंच कळतं. जमिनीचा उतार आणि पाण्याची वाट तेवढी कळते. त्या नजरेने सांगतो. तिथे जाणारे बहुतेक लोक ईशानपूर शहर न बघताच परत येतात. तिकीट काढतात, उत्तरेचा, मधला आणि दक्षिणेचा असे देवळांचे तीन गट फिरतात, फोटो काढतात आणि गाडीत बसतात. ते तिन्ही गट ओ क्रू के नावाच्या ओढ्याच्या पूर्वेला आहेत. शहर होतं पश्चिमेला.

त्या पश्चिमेच्या बाजूला तीन दिशांनी खंदक खणलेला आणि चौथ्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला हा ओढा, असा साधारण २ किलोमीटर बाजूचा चौकोन आहे. आत आज भातशेती, झाडोरा, मधूनमधून उंचवटे आणि विटांचे थोडेफार अवशेष. पाटी-बिटी काही नाही. पण मी सकाळी तिथे चाललो तेव्हा खाचरांची एक लांबच लांब पट्टी बाकीच्यांपेक्षा खोल आणि सुतात सरळ गेलेली दिसली. नैसर्गिक ओघळ इतका सरळ जात नाही. खंदक गाळाने भरला तरी त्याची जागा ओलावा धरते, तिथलं गवत वेगळं दिसतं. वाटाड्याला विचारलं, तो हसून म्हणाला, हाच. २०१५ साली या सगळ्या भागावरून विमानाने लेझर मोजणी झाली. झाडीखालचे खंदक, बांध, तळी, उंचवटे त्या नकाशात स्पष्ट दिसतात. तो नकाशा आधी बघून गेलात तर बाबांना शेतातसुद्धा शहर दिसेल.

चिनी सुई राजवंशाच्या इतिहासात या राजधानीचं वर्णन आहे. २०,००० च्या वर कुटुंबं, आणि राजा दर तीन दिवसांनी दरबार भरवायचा, असं लिहून ठेवलंय. आता प्रश्न येतो की एवढी माणसं राहिली कुठे? वीट आणि दगड फक्त देवांना. माणसं राहिली लाकूड, बांबू आणि पानांच्या घरांत, बहुधा राजासुद्धा. ते सगळं कुजून गेलं. म्हणून देवळं उरली आणि आपण त्यांनाच शहर समजून बसतो. मला विचाराल तर तिथलं सर्वांत मोठं बांधकाम मातीचं आहे: तो खंदक, आणि देवळांपासून पूर्वेला नदीच्या दिशेने गेलेले मातीचे उंच रस्ते. निम्मं वर्ष धो धो पाऊस आणि निम्मं वर्ष कोरडं, अशा सपाट मुलखात राजधानी वसवायची तर आधी पाणी कुठे साठवायचं आणि कुठे काढायचं हे सोडवावं लागतं. खंदक शत्रूसाठी असेलही. मला तो आधी पाण्यासाठी वाटला. हे माझं मत, पुराव्यानिशी सिद्ध वगैरे नाही.

आता देवळं. ढिगारे आहेत, नाही असं नाही. पण उभी असलेली पाहिलीत तर यजमान गप्प बसतील. दक्षिणेचा गट पहिल्या ईशानवर्म्याचा. त्याचा काळ साधारण इ.स. ६१६ ते ६३७, म्हणजे अंकोर वाटच्या जवळजवळ ५०० वर्षं आधी. इथे अष्टकोनी देवळं आहेत. संपूर्ण परिसरात अशी दहा, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेताना त्यांचाच मुद्दाम उल्लेख केला, कारण आग्नेय आशियात तशी दुसरीकडे नाहीत. अष्टकोन विटांत उभा करणं म्हणजे काय ते गवंड्याला विचारा. चौकोनाला चार कोपरे सांभाळायचे, इथे आठ, आणि वर जाताना प्रत्येक थर जरासा आत सरकवत तोंड मिटवत न्यायचं. खरी कमान नाही, सगळा भार थरांवर. आत उभं राहून वर बघा, विटांची ती निमुळती विहीर आकाशाकडे जाते. काहींचा माथा पडलाय, तिथून उजेड येतो.

बाहेरच्या भिंतींवर "उडते महाल" आहेत. विटांतच कोरलेला छोटासा प्रासाद, आत माणसं, आणि खालून पंखवाल्या प्राण्यांनी तो उचलून धरलेला. जवळ जाऊन बघा, कोरलेली रेघ एका विटेवरून दुसऱ्या विटेवर सांध्याची पर्वा न करता जाते. म्हणजे आधी भिंत चढवली आणि मग कोरली. हात चुकला तर वीट बदलायची सोय नाही. सांधे इतके पातळ की चुन्याचा जाड थर कुठे दिसतच नाही. काहीतरी वनस्पतीजन्य चिकट द्रव्य वापरत असं सांगतात. वर कुठे कुठे गिलाव्याचे पापुद्रे शिल्लक आहेत, त्यावरून कळतं की आज दिसणारी लाल वीट तेव्हा झाकलेली असणार.

दरवाजे मात्र दगडाचे. चौकट, उंबरा, वरची कोरीव पट्टी सगळं वालुकाश्म. पट्टीच्या दोन टोकांना आत तोंड केलेले मकर, त्यांच्या तोंडातून निघालेली कमान, कमानीवर गोल पदकं. कलेचे अभ्यासक या धाटणीला या जागेचंच नाव देतात. अंकोरच्या दरवाजांवरचे नक्षीदार पट्टे आधी बघून आलेले असाल, म्हणजे फरक लगेच कळेल.

मधला गट म्हणजे प्रासात ताव. पायऱ्यांशी कुरळ्या आयाळीचे सिंह आहेत, मुलाला तिथे सोडा. एका देवळाला झाडाने अख्खं गिळलंय, तेही त्याला आवडेल. अंकोरच्या ता प्रोमला असा फोटो काढायला रांग लागते. इथे मी गेलो तेव्हा एक म्हातारी स्कार्फ विकत बसली होती आणि तिचा कुत्रा, बस.

जंगलात फिरताना गोल खड्डे दिसतील, तेही बाबांना दाखवा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने जे बाँब टाकले त्यांचे ते खड्डे. पावसाळ्यात पाणी साठून तळी होतात. तेराशे वर्षं पावसाने जे केलं नाही ते माणसाने काही मिनिटांत केलं, पण तरी देवळं बरीच वाचली.

गुडघ्याचं: जमीन सपाट, वाटा मातीच्या, सावली भरपूर. अंकोर वाटच्या वरच्या मजल्यासारखा उभा जिना इथे नाही. देवळाच्या जोत्यापर्यंत चार पायऱ्या असतात, दगडी आणि उंच, तिथे हात द्यावा लागेल. वर नाही चढले तरी बिघडत नाही. काठी न्याच.

अक्षरओळख

पाटकरीकाका, सुरेख. मी थोडी भर घालते, कारण केतकीचे बाबा इतिहासाचे शिक्षक आहेत म्हटल्यावर राहवत नाही.

ईशानपुराचा उल्लेख ह्युएन त्संगने केलाय. स्वतः तो तिथे गेला नव्हता, पूर्व भारतात असताना पलीकडच्या देशांची नावं ऐकून त्याने टिपली, त्यात हे आहे. त्याच प्रवासात तो महाराष्ट्रात मात्र प्रत्यक्ष येऊन गेला, आणि तेव्हा इथे दुसरा पुलकेशी होता. म्हणजे ईशानवर्मा आणि पुलकेशी समकालीन. बाबांना ही जोडी नक्की आवडेल.

दुसरं, दरवाजांच्या चौकटींवरचे शिलालेख चुकवू नका. लिपी दक्षिण भारतीय पल्लव लिपीच्या घराण्यातली, भाषा काही ठिकाणी संस्कृत आणि काही ठिकाणी जुनी ख्मेर, म्हणजे तिथली स्थानिक भाषा. राजाची स्तुती आणि देवांची नावं संस्कृतात. नोकरचाकर, शेतं, गुरं, भात यांच्या याद्या ख्मेरमध्ये. दक्षिण गटातल्या लेखात प्रहसितेश्वर, म्हणजे हसणारा शिव, याचं लिंग स्थापल्याचं येतं. आणि ईशानवर्म्याच्या मुलीशी लग्न केलेल्या दुर्गस्वामी नावाच्या ब्राह्मणाचा उल्लेख आहे, जो दक्षिणापथात जन्मला होता.

झोळीवाला

दक्षिणापथ! म्हणजे आपलाच जावई की हो. मग काय, माझा आधीचा सल्ला मागे. शून्याचा तो सुप्रसिद्ध शिलालेखही इथलाच ना? संस्कृती इथून गेली, देव इथून गेले, शून्य इथून गेलं. आपल्या लोकांनी शहरच वसवलं म्हणायचं.

पाटकरी

झोळीवाले, जरा दमानं.

दक्षिणापथ म्हणजे नर्मदेच्या खालचा केवढा तरी मुलूख. त्यातून दुर्गस्वामीला उचलून सातारा-सांगलीत आणून बसवू नका. शिवाय एक माणूस लग्न करून आला म्हणून शहर त्याचं होत नाही. खंदक खणला तो तिथल्या माणसांनी, विटा भाजल्या त्यांनी. अष्टकोनी देवळं अशी, आणि त्यावर उडते महाल असे, आपल्याकडे मला कुठे दाखवा. नावं आणि देव घेतले, बांधलं स्वतःचं. देवळांच्या याद्यांत ख्मेर भाषेत ज्या शेकडो नोकरांची नावं आहेत ना, मला त्यांच्याबद्दल जास्त कुतूहल आहे. राजाचं नाव ईशानवर्मा, पण या माणसांची नावं अगदी तिथल्या मातीतली.

शून्याचा शिलालेख इथला नाही. गल्लत सगळेच करतात, कारण सांबोर नावाची दुसरी जागा मेकाँगच्या काठी क्रातिए प्रांतात आहे, तो तिकडचा. त्यावर शक ६०५ कोरलाय आणि मधलं शून्य ठिपक्याने दाखवलंय. ६०५ मध्ये ७८ मिळवा, इ.स. ६८३ येतं. तारीख असलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी ते एक. आपल्या घरातल्या पंचांगावर आजही जो शालिवाहन शक छापतात, तोच हा शक. एवढा दुवा मात्र खरा, आणि मला जावयापेक्षा तो जास्त भावतो. तो दगड आता नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. केतकीताई, तुम्ही तिकडेच चाललात. सांबोर प्रेई कुकच्या चांगल्या मूर्तीही त्याच संग्रहालयात आहेत, त्यामुळे आधी जागा आणि मग संग्रहालय हा तुमचा क्रम आपोआप बरोबर पडलाय.

अक्षरओळख

नावांच्या बाबतीत काकांना +१. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की संस्कृत भाग वाचून राजा कळतो आणि ख्मेर भाग वाचून गाव.

केतकी_ठाणे

वा! बाबांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. पुलकेशीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि ऐहोळेच्या शिलालेखातल्या त्याच्या प्रशस्तीवर अर्धा तास शिकवणी घेतली. नवरा आता "निदान सिंह तरी बघू" इथपर्यंत आलाय.

दोन शंका. एक, बाबा विचारतात की हे शहर सोडलं का? जाळलं, लुटलं की पाणी आटलं? दोन, जेवण आणि मुक्काम. काका, तुम्ही राहिला होतात का?

पाटकरी

बाबांना सांगा, एका रात्रीत काही झालं नाही. ७व्या शतकाच्या उत्तरार्धात सत्तेचं केंद्र इथून हललं. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने कुलेन डोंगरावर स्वतःला सम्राट घोषित केलं आणि पुढे राजधान्या तोनले साप सरोवराच्या उत्तरेला, अंकोरच्या मुलखात गेल्या. पण ईशानपूर ओस पडलं नाही. उत्तरेच्या गटात अंकोरकाळातही पूजा आणि दुरुस्ती चालू होती. राजधानीची तालुक्याची जागा झाली असं समजा. राजा गेला, दरबार गेला, त्यांच्यामागे व्यापारी गेले, आणि शेतकरी तिथेच राहिला. आजही त्या खंदकाच्या आत भात पिकतोच आहे. पाणी आटल्याचं म्हणाल तर स्तुंग सेन नदी जवळून अजून वाहते.

मुक्काम: गावातल्या लोकांनी घरगुती राहण्याची सोय केलीय, लाकडी घरं, खांबांवर उभी. खाली गाईगुरं, झोपाळा आणि कोंबड्या, वर आपण. मी तिथेच राहिलो आणि मला आवडलं. बाबांना शिडीवजा जिना आणि रात्री उठून खाली जाणं जमणार नसेल तर काम्पोंग थोम शहरात साधी, बरी हॉटेलं आहेत, तिथून अवशेष साधारण ३० किलोमीटर. जमलं तर आदल्या दिवशी दुपारी सिएम रीप सोडा. सकाळी साडेसातला जंगलात असलात की नऊ-दहापर्यंत उडत्या महालांवर तिरपं ऊन मिळतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. डोक्यावर ऊन आलं की तेच सपाट वाटतं आणि मग लोक म्हणतात की झिजलंय, काही दिसत नाही.

जेवण: "अत् योक साच" म्हणजे मांस नको, हे पाठ करा. तरी मासळीचा सॉस आणि प्राहोक नावाची आंबवलेल्या माशांची चटणी त्यांच्या लेखी मांसात धरत नाहीत, ते वेगळं सांगावं लागतं. आमच्या घरधनिणीने मला भात, अंड्याचं ऑम्लेट आणि परतलेली कलमी भाजी दिली. ती पाण्यात वाढणारी पालेभाजी, आपल्या नाळीच्या भाजीतलीच. बाबा अंडं खात नसतील तर सोबत मेतकूट-भाताची तयारी ठेवा. केळी आणि शहाळी सगळीकडे. पुढे नॉम पेन्हच्या वाटेवर स्कून लागेल, तिथे तळलेले कोळी परातीत रचून विकतात. मुलगा तिथून हलणार नाही, तेवढा वेळ धरून चला.

पैसे डॉलरमध्ये चालतात, पण फाटकी किंवा लिहिलेली नोट घेत नाहीत. सुटे ठेवा. डासांचं मलम न विसरता.

आणि झोळीवाल्यांनी सुचवलं नाही म्हणून मी सुचवतो. सिएम रीपहून निघाल्यावर तासा-सव्वातासात काम्पोंग क्देई लागेल. तिथे जांभ्या दगडाचा जुना पूल आहे, सातव्या जयवर्म्याच्या काळातला, वीसहून जास्त अरुंद कमानी आणि कठड्याच्या टोकांना फणा काढलेले नाग. जड वाहनांना आता शेजारून दुसरा रस्ता आहे, पण गावकऱ्यांच्या मोटारसायकली अजून त्याच पुलावरून जातात. पुलाखाली उतरता आलं तर उतरा. कमानी एवढ्या अरुंद का आणि खांब एवढे जाड का, ते खालून बघितल्याशिवाय कळत नाही. देवळाच्या माथ्याला जी थर सरकवायची युक्ती आहे तीच इथे पाण्यावर वापरलीय, आणि त्या युक्तीने मोठा गाळा टाकताच येत नाही.

झोळीवाला

पूल मी पाहिलाय, गाडीतून. खाली उतरलो नव्हतो. कोळीही खाल्लेत, पाय कुरकुरीत, पोटाकडचा भाग सोडून द्यावा.

केतकी_ठाणे

कोळ्यांबद्दलची माहिती मुलापर्यंत पोचणार नाही याची काळजी घेते :) काका, काम्पोंग थोमला मुक्काम ठरवला. शहराचा भाग, म्हणजे ओढ्याच्या पश्चिमेचा, बाबांना चालत जमेल का?

पाटकरी

सगळा नाही जमणार, आणि गरजही नाही. काही वाटांवर दुचाकीला मागे जोडलेली गाडी जाते, गावात बैलगाडीही मिळते. एखाद्या ठिकाणी खंदकाच्या काठावर उतरून शंभर पावलं चाललात तरी पुरे. मात्र गाइड आणि गाडीवाला दोघांनाही सकाळी निघतानाच सांगून ठेवा की ओढ्यापलीकडे जायचंय. ऐन वेळी सांगितलंत तर तिसरा गट झाल्याबरोबर गाडीवाला हॉर्न वाजवायला लागतो.